फेरारी नार्ट स्पायडर: गिऱ्हाईक मिळेना ते पावणेतीन कोटी डॉलर

दुसरा_गिअर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गेला आठवडाभर रात्री जागून जुन्या लिलावांचे व्हिडिओ बघतोय, घरात बोलणी पण खाऊन झाली, पण एक गाडी काही डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी धागाच काढतो.

फेरारी २७५ जीटीबी/४ ची नार्ट स्पायडर, चेसिस नंबर १०७०९. ऑगस्ट २०१३, मॉन्टेरे, कॅलिफोर्निया. कॅटलॉगातला अंदाज १ कोटी ४० लाख ते १ कोटी ७० लाख डॉलर. हातोडा पडला अडीच कोटीवर आणि वरचं कमिशन धरून घेणाऱ्याला पडली पावणेतीन कोटी डॉलरला.

आकडा बाजूला ठेवा, मागची गोष्ट जास्त भारी आहे. लुइजी किनेत्ती हा फेरारीचा अमेरिकेतला खंदा माणूस, स्वतः ल मां ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत तीनदा जिंकलेला (१९३२, १९३४, १९४९, आणि ४९ ची तर फेरारीची तिथली पहिलीच). नार्ट म्हणजे नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम, ती त्याचीच. त्याला वाटलं की अमेरिकेत या मॉडेलची उघड्या टपाची गाडी चांगली खपेल, म्हणून त्याने कारखान्याच्या मागे लागून खास बनवून घ्यायला लावल्या. बेत २५ चा होता, झाल्या फक्त १०. का, तर गिऱ्हाईकच मिळेना! आज जिला 'दहातली एक' म्हणून मखरात बसवतात ती दहातली एक झाली कारण अकरावी घ्यायला कोणी तयार नव्हतं.

तर त्यातली ही गाडी १९६८ मध्ये एका अमेरिकन उद्योजकाने साधारण १४,५०० डॉलरला घेतली, स्वतः इटलीत मारानेलोला फेरारीच्या कारखान्यात जाऊन ताब्यात घेतली, हौसेने चालवली, आणि मरेपर्यंत म्हणजे २००७ पर्यंत विकली नाही. मग घरच्यांनी सांभाळली आणि २०१३ ला लिलावात काढली ती सगळे पैसे दानधर्माला द्यायचे ठरवून, कारण तो माणूस लहानपणी अनाथाश्रमात वाढलेला.

माझं मत असं आहे की अंदाजाच्या वर जे एक कोटी गेले ते एका घरात काढलेल्या ४५ वर्षांचे गेले. इंजिन, डिझाइन, नाव, हे सगळं बाकीच्या नऊ गाड्यांकडे पण आहेच की. तुम्हाला काय वाटतं?

निवांत
पहिला मी! छान धागा.
मी आपला हिशोब करून बघितला. १४,५०० चे २ कोटी ७५ लाख म्हणजे जवळजवळ १,९०० पट. ४५ वर्षांत. वर्षाला सव्वाअठरा टक्के चक्रवाढ पडते. आमच्या पिढीने काय केलं आयुष्यात असा प्रश्न पडला.

तिरपा
@निवांत, हिशोब बरोबर पण अर्धा. त्याच १९६८ साली लोकांनी इतर शेकडो भारी गाड्या घेतल्या त्या गंजून भंगारात गेल्या, त्यांचा परतावा कोण मोजणार? शिवाय ४५ वर्षांचं इन्शुरन्स, गॅरेज, सर्व्हिसिंग आणि ट्यूनिंग धरलंय का? ज्याचा नंबर लागला त्याचीच मुलाखत होते.
आणि धागाकर्त्याला: दान वगैरे ठीक आहे हो, पण एक कोटी 'घराचे' कशावरून? दोन श्रीमंतांना एकाच रात्री एकच वस्तू हवी होती, एवढंच झालं असेल. लिलावाला दोनच माणसं लागतात.

सांजवेळ
मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा येतेय. हे २७५ काय आहे? किंमत का वेग?

टॉर्करेंच
@सांजवेळ, दोन्ही नाही. त्या काळच्या फेरारीत बऱ्याचदा एका सिलिंडरची क्षमता नावात असायची. ३,२८६ सीसीचं इंजिन, बारा सिलिंडर, भागलं की पावणेतीनशेच्या आसपास, म्हणून २७५. जी आणि टी म्हणजे ग्रँड टूरिंग, बी म्हणजे बंद टपाची बर्लिनेता, आणि शेवटचा ४ म्हणजे चार कॅमशाफ्ट. ताकद ३०० हॉर्सपॉवर, गिअरबॉक्स पुढे नाही तर मागच्या चाकांपाशी, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटलं जातं. वर सहा वेबर कार्बोरेटर, प्रत्येकाला दोन घसे, म्हणजे बारा सिलिंडरना बारा घसे. हे सगळे एका सुरात आणायला दिवस जातो आणि सुरात आले की जो आवाज येतो त्यासाठी मी पण घर गहाण टाकेन (बायकोला सांगू नका).

सांजवेळ
धन्यवाद! बारा घसे म्हणजे अख्खी भजनी मंडळीच की.

अवलिया_७७
एक शंका. हे लिलावातले आकडे इतके विचित्र का असतात? २०१८ ला मॉन्टेरेलाच फेरारीची २५० जीटीओ ही जुनी शर्यतीची गाडी गेली ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलरला. हे वरचे ५ हजार कोण बोललं?

दुसरा_गिअर
@अवलिया, कोणीच नाही :) बोली गोल आकड्यातच थांबते, बाकी बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलाववाल्यांना द्यायचं कमिशन. त्या जीटीओला हातोडा पडला ४ कोटी ४० लाखावर. कमिशनचा दर असा, की पहिल्या अडीच लाखावर १२ टक्के, उरलेल्यावर १०. पहिल्याचे झाले ३०,०००, उरलेल्या ४ कोटी ३७ लाख ५० हजारांचे झाले ४३ लाख ७५ हजार. बेरीज ४४ लाख ५ हजार. घाला ४ कोटी ४० लाखात. आलं उत्तर.
२०२३ ला न्यूयॉर्कला दुसरी जीटीओ ५ कोटी १७ लाख ५ हजाराला गेली, तिथेही हाच हिशोब लावून बघा, हातोडा ४ कोटी ७० लाखावर येतो. विकणाऱ्याकडून वेगळं ठरलेलं असतं ते आपल्याला कधी कळत नाही.

निवांत
म्हणजे नुसतं 'एकवार, दोनवार' म्हणायचे ४४ लाख डॉलर. करिअर चुकलं.

तिरपा
त्या धंद्याची गंमत अजून आहे. रिझर्व्ह म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेली खालची गुप्त किंमत. तिथपर्यंत पोचेपर्यंत लिलाव पुकारणारा विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली घेऊ शकतो, नियमांच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. समोर कोणी नाही पण तो छताच्या झुंबराकडे बघून म्हणतो, हां, तुमचे एक कोटी. त्याला झुंबराची बोलीच म्हणतात तिकडे. त्यामुळे व्हिडिओत पहिली पाच मिनिटं जी हाणामारी दिसते त्यातली किती खरी हे देवच जाणे.
रच्याकने, २०१४ ला जी जीटीओ ३ कोटी ८१ लाखाला गेली ती रिझर्व्हशिवाय होती. ती हिंमत म्हणायची.

चाकोरीबाहेर
आणि २०१९ चा तो पोर्शे टाइप ६४ च्या लिलावातला गोंधळ? स्क्रीनवर आकडा थेट ३ कोटीपासून सुरू होऊन ७ कोटीपर्यंत चढला, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, मोबाइल वर, आणि मग पुकारणारा म्हणतो, नाही नाही, एक कोटी सत्तर लाख. थर्टीन मिलियनचं थर्टी मिलियन ऐकू आलं, फोर्टीनचं फोर्टी, आणि स्क्रीनवाला बिचारा ऐकेल ते टाइप करत गेला. लोकांनी हुर्यो उडवली आणि गाडी विकलीच गेली नाही.

निवांत
आपल्याकडे एकोणसाठ-एकोणसत्तर-एकोणऐंशीत हेच झालं असतं, आणि लोकांनी 'म्हणजे नक्की किती?' विचारत रात्र काढली असती.

टॉर्करेंच
हसून झालं असेल तर मूळ विषयाकडे येऊ का.
मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. @तिरपा, दोन श्रीमंत लागतात हे बरोबर, पण ते दोघं ह्याच गाडीवर का अडले ते बघ. नार्ट स्पायडर दहाच, पण बंद टपाच्या २७५ चे टप कापून केलेल्या स्पायडर पण जगात फिरतायत. चांगल्या कारागिराने केलेली असली तर दहा फुटांवरून तुला मला फरक कळणार नाही. जीटीओचं तर विचारूच नका. मूळच्या ३६, पण २५० जीटीई नावाच्या चार सीटच्या घरगुती फेरारी कापून त्याच्यावर जीटीओचा पत्रा चढवलेले किती असतील. मग खरी कुठली? तर चेसिसवर कारखान्यात ठोकलेला नंबर, इंजिनावरचा नंबर, गिअरबॉक्सवरचा नंबर, आणि ह्या सगळ्यांचा कारखान्याच्या नोंदीशी मेळ. याला मॅचिंग नंबर्स म्हणतात.
रेसिंगच्या गाड्यांचं तर अजून अवघड. आपटली की पत्रा नवा, इंजिन फुटलं की दुसरं, तेव्हा कोण जपून ठेवत होतं? ती फक्त जुनी झालेली रेसची गाडी होती. २०१८ च्या जीटीओला भाव आला त्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल जन्माचे होते याचा वाटा मोठा.
आता एकच मालक असला की हा सगळा तपास एका फाइलीत येतो. पहिलं बिल, सर्व्हिसच्या पावत्या, फोटो, सगळं एकाच कपाटात. मधल्या काळात कुठे होती, कोणी काय बदललं, हा प्रश्नच उरत नाही. तो एक कोटी त्या कपाटाचा.

अवलिया_७७
@टॉर्करेंच, पण मग रिस्टोर केलेली गाडी वाईट का? ती तर नव्याहून नवी दिसते. मी दोन लाखांची घेताना पण ओरखडे मोजतो आणि हे लोक कोट्यवधी देऊन सुरकुतलेल्या सीटा घेतात.

टॉर्करेंच
वाईट नाही. पण 'नव्याहून नवी' हीच तर मेख आहे. त्या काळी पत्रा हाताने ठोकून काढायचे. डावा मडगार्ड आणि उजवा मडगार्ड मोजलेस तर सारखे निघणार नाहीत, दारांच्या फटी कमीजास्त असायच्या. रिस्टोरेशनवाले हे सगळं सरळ करतात, आरशासारखा रंग मारतात, आणि मग ती गाडी १९६७ च्या कारखान्यातून जशी कधीच निघाली नसती तशी दिसायला लागते. आता स्पर्धांमध्ये पण जतन केलेल्या, न दुरुस्त केलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवतात तो याचसाठी.
रंग मूळचा आहे का ते बघायला जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. अख्ख्या गाडीवर शंभर-दीडशे-दोनशे असं हलतं राहिलं तर जीवात जीव. एका दारावर तीनशे-चारशेच्या वर गेला की समजायचं परत रंगवलंय, आणि हजार ओलांडला की आत लांबी (पुट्टी) भरलीय. मग ते दार का भरावं लागलं ते शोधत बसा.
नवा रंग कधीही मारता येतो. पहिला रंग एकदाच.

चाकोरीबाहेर
मग पॅरिसची २०१५ ची केस कुठे बसवणार? बायों संग्रह. फ्रान्समधल्या एका वाहतूक व्यावसायिकाने म्युझियम काढायचं म्हणून गाड्या जमवल्या, पुढे धंदा बसला, काही विकाव्या लागल्या, उरलेल्या ६० च्या आसपास पत्र्याच्या शेडखाली आणि गोठ्यासारख्या खोपटात दशकानुदशके पडून. त्यात एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर निघाली, नट आलाँ दलाँची एकेकाळची, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली! ती विकली गेली १ कोटी ६३ लाख युरोला. लिलावाच्या मांडवात पण धुळीसकट उभी केली होती. धूळ पण लॉटचा भाग :D
मग जतन म्हणजे काय? कोणी ४५ वर्षं पुसून ठेवली ती जतन, आणि कोणी ४५ वर्षं विसरून गेला ती पण जतन?

सांजवेळ
हा प्रश्न आवडला. आमच्याकडे आजीची पैठणी आहे, वर्षातून दोनदा घडी मोडून उलटी घालतो नाहीतर घडीवर चिरते. विसरून ठेवलेली असती तर आज बोळा झाला असता. गाडीचं तसं नसतं का?

टॉर्करेंच
@सांजवेळ, अगदी तसंच असतं, तुम्हाला ओ की ठो कळत नाही म्हणालात ते खोटं :)
उभी गाडी जास्त मरते. एकाच जागी उभी राहिली की टायर खालून चपटे होतात. पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट थर सोडतं, तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, जेटचं भोक सुईएवढं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि सिलिंडर आतून गंजतो. रबरी सील वाळून तडकतात. उंदीर वायरिंग खातात, आणि सीटच्या घोड्याच्या केसांत घरटी करतात.
आणि अशी गाडी सापडली की लोक पहिलं काय करतात? नवी बॅटरी लावून स्टार्टर मारतात. व्हिडिओ काढायचा असतो ना. अरे बाबा, सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थेंब उरलेला नाही, रिंग चिकटल्यात, तू एका सेकंदात साठ वर्षांचं वाटोळं करतोयस. आधी सगळे प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडायचं, दोन दिवस गप्प बसायचं, आणि मग हाताने, स्टार्टरने नाही हाताने, इंजिन फिरतंय का बघायचं. अडलं तर जोर करायचा नाही.
त्यामुळे धुळीची फेरारी भाव खाते ते ठीक, पण ती चालवण्याच्या लायकीची करायला किती उघडावी लागेल आणि उघडल्यावर मूळचं किती उरेल हा हिशोब घेणाऱ्याने केलेला असतो. नार्ट स्पायडरचा मालक गाडी चालवत राहिला हेच तिचं जतन.

तिरपा
इथे सहमत, लिहून ठेवा.
पण पुढचं पण बोला. हातोडा पडल्यावर काय होतं? अडीच कोटीची गाडी कोण पावसात काढणार? ज्याने १४,५०० ला घेतली त्याने चालवली, कारण ती तेव्हा गाडी होती. भाव वाढला की ती वापरता येईनाशी होते.

दुसरा_गिअर
सरसकट नाही. जीटीओवाले मालक अजून शर्यतीत उतरवतात, इंग्लंडात गुडवुडला जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात तिथे लाखमोलाच्या गाड्या एकमेकींना घासून जातात, कधी आपटतात पण.
उलटं टोक म्हणजे मर्सिडीजची ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे. १९५५ मध्ये दोनच बनल्या, त्याच वर्षी ल मांचा भीषण अपघात झाला, मर्सिडीजने वर्षअखेरीस रेसिंग सोडलं आणि ही कूपे कधी शर्यतीत उतरलीच नाही. तिचा इंजिनिअर रुडॉल्फ ऊलेनहाउट ती ऑफिसची गाडी म्हणून चालवायचा, ताशी २९०च्या आसपास जाणारी! कंपनीने ६७ वर्षं सांभाळली आणि मे २०२२ मध्ये स्टुटगार्टच्या म्युझियममध्ये निवडक लोकांना बोलावून विकली, १३ कोटी ५० लाख युरो. पैसे तरुणांच्या शिष्यवृत्तीच्या फंडाला. जुळी बहीण अजून कंपनीकडेच आहे.
इथेही मालक एकच. माझा मुद्दा सोडत नाहीये मी :)

तिरपा
दोन गाड्यांवरून नियम करू नका एवढंच. बाकी मान्य.

खटपट्या
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. टॉर्करेंच यांनी पहिला रंग एकदाच असं लिहिलं ते वाचून एक जुनी चूक आठवली, कबूल करून टाकतो.
मी शिकाऊ असताना आमच्याकडे साठच्या दशकातली एक इटालियन दोन सीटची आली होती. भारी नाव नव्हतं, पण पत्रा हाताने ठोकलेला, मालक तिसरा का चौथा. काच वर जात नव्हती म्हणून मी दाराचं आतलं पॅड उतरवलं. मागे पुठ्ठ्यासारखा बोर्ड, त्याच्यावर जुना पिवळा पडलेला गोंद, आणि कोपऱ्यात पेन्सिलने काहीतरी खरडलेलं. एक शब्द आणि त्याच्या खाली दोन आकडे. मला वाटलं आधीच्या मेकॅनिकने हिशोब केला असेल. पॅड परत नीट चिकटायला हवं म्हणून थिनरचा बोळा घेतला आणि गोंद काढता काढता तेही पुसून टाकलं. काच मस्त वर जायला लागली, मालक खूश, उस्ताद पण खूश.
दोन वर्षांनी मालकाने गाडी विकायला काढली तेव्हा बघायला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाने टॉर्च घेऊन पहिलं काम काय केलं असेल तर उजव्या दाराचं पॅड उतरवलं. तिथे पेन्सिलने आकडे होते. चेहरा असा खुलला त्याचा! हे बॉडी बनवणारे कामगार लिहायचे, कुठलं पॅड कुठल्या गाडीचं ते कळावं म्हणून, कारण दोन गाड्यांची पॅडं एकमेकांना बसायची नाहीत. मग त्याने डावं उतरवलं. कोरं, स्वच्छ. तो माझ्याकडे बघून म्हणाला, हे दार बदललेलं दिसतंय.
मी तोंड उघडलं नाही. उस्तादांना पण तेव्हा सांगितलं नाही. सौदा झाला पण त्याने त्या दारापायी किंमत पाडून घेतली.

सांजवेळ
अरेरे. वाचताना पोटात कसंतरी झालं.

टॉर्करेंच
दंडवत घ्या. असं सगळ्यांचं एकेक दार असतं, माझं पण आहे, पण मी लिहिणार नाही.

निवांत
वाखु (वाचनखूण) साठवली. @खटपट्या, आता तरी त्या नव्या मालकाला कळवता येईल ना? गाडी कुठे आहे माहीत आहे?

खटपट्या
नंतर अजून एकदा विकली गेली असं कळलं, पुढचं माहीत नाही.

दुसरा_गिअर
@खटपट्या, पुसलेलं काय होतं ते आठवतंय का? उजव्या दारावरचा आकडा आणि तो एकच असेल तर लिहून तरी ठेवा कुठेतरी, कधी गाडी समोर आलीच तर.

खटपट्या
शब्द इटालियनमध्ये 'डावा' असणार, एसने सुरू होणारा. आकडे ४१ होते की ४७ ते नक्की नाही आठवत. तिकडचे लोक एकला वरून लांब शेपूट काढतात ना, सातासारखं दिसतं. उजव्या दारावर काय होतं ते मी बघितलंच नाही, मी तेव्हा गाडीच्या मागे जाऊन उभा होतो.